ड्रायव्हर कोअरचा पॅच तपासायचा कसा: लिनक्स कर्नलमध्ये पहिल्यांदा रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी

मी ‘रिव्ह्यूड-बाय’ (मी तपासला, अशी नावासकट खूण) दिलेला पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, चुकीचा निघाला. पॅच छोटासा, अकराएक ओळींचा. नवं डिव्हाइस तयार करायचं, ‘डिव्हाइस_रजिस्टर’ कॉल करायचं, आणि ते फसलं तर घेतलेली मेमरी ‘केफ्री’ने सोडायची. जुन्या कोडमध्ये ती सोडायची राहून गेली होती. गळती होती, बुजवली, छान झालं, असं म्हणून मी नाव टाकून मोकळा झालो. तासाभरात दुसऱ्या एका रिव्ह्यूअरचं दोन ओळींचं उत्तर आलं: ‘डिव्हाइस_रजिस्टर’च्या डोक्यावरची कॉमेंट वाचली का? मी वाचली नव्हती. तिथे सरळ लिहिलंय की हे फंक्शन कॉल केल्यावर, ते फसलं तरीसुद्धा, डिव्हाइसची मेमरी थेट सोडायची नाही; ‘पुट_डिव्हाइस’च वापरायचं.

पॅचमध्ये दिसत होत्या तेवढ्या ओळी मी नीट वाचल्या होत्या. उत्तर मात्र पॅचबाहेरच्या फाइलमध्ये होतं. ड्रायव्हर कोअरच्या रिव्ह्यूत हे कायम होतं, म्हणून पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

कोअर म्हणजे कर्नलच्या सोर्समधलं ‘ड्रायव्हर्स/बेस’ हे फोल्डर आणि त्याच्या हेडर फाइल्स. बस, डिव्हाइस, ड्रायव्हर, क्लास या कल्पना, प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडणं) आणि रिमूव्ह (सोडवणं) यांची यंत्रणा, ‘डेव्हएम’ नावाने चालणारी आपोआप आवराआवर, सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइसची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवतो तिथे) दिसणाऱ्या फाइल्स, हे सगळं तिथे राहतं. (फंक्शनची नावं मी आपण टेबलावर बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. कोडमध्ये ती शोधायला तुम्हाला अडचण येणार नाही.)

एखाद्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली तर तो सेन्सर बंद पडतो. कोअरमध्ये चूक झाली तर कुणाचा तरी बोर्ड बूटच होत नाही, आणि तो बोर्ड तुमच्याकडे नसतो. ‘एफडब्ल्यू_डेव्हलिंक’चं प्रकरण बघा. डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं कर्नलला दिलेलं वर्णन) वाचून कोणतं डिव्हाइस कोणावर अवलंबून आहे ते कर्नलने आधीच ओळखायचं आणि पुरवठादार तयार होईपर्यंत ग्राहकाचा प्रोब थांबवायचा, अशी ती सोय. कल्पना चांगली होती. २०२१ मध्ये ५.१२ च्या तयारीत ती सगळ्यांसाठी आपोआप चालू केली, तर काही बोर्डांवर ग्राहक डिव्हाइस कधीच न येणाऱ्या पुरवठादाराची वाट बघत बसले. बदल मागे घ्यावा लागला आणि ५.१३ मध्ये परत आला. त्या कमिटच्या शीर्षकात ‘रिव्हर्ट’ हा शब्द दोनदा आहे.

लागणारं सामान

- कर्नलच्या सोर्सची गिट प्रत, पूर्ण इतिहासासकट. नुसत्या झिपवर काम होणार नाही, कारण जुन्या कमिटमध्ये जावं लागतंच.
- ‘बी-फोर’ हे साधन. पूर्ण पॅच-मालिका एका आज्ञेत उतरवून घेतं.
- क्यूएमू, म्हणजे आभासी मशीन चालवणारं साधन. बोर्ड नसला तरी चालतं. कोअरच्या पुष्कळ चुका आभासी मशीनवरच पकडता येतात.
- चेकपॅच, स्पार्स, स्मॅच, कॉक्सिनेल: कोड न चालवता चुका दाखवणारी साधनं. चारही एकदम शिकायची गरज नाही. पहिल्या महिन्यात चेकपॅच आणि स्पार्स पुरे.
- कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमधली तीन प्रकरणं: ड्रायव्हर मॉडेल, केऑब्जेक्ट आणि पॅच पाठवण्याचे नियम. पहिली दोन छापून जवळ ठेवा. मी ठेवली आहेत, चहाच्या डागांसकट.
- साधा मजकूर पाठवणारा मेल क्लायंट. एचटीएमएल मेल कर्नलच्या मेलिंग यादीवरून परत येतो.

१. आधी पॅच लावा, मग वाचा

पॅच स्क्रीनवर वाचायला सुरुवात करण्याआधी तो आपल्या सोर्सवर लावून घ्या. मालिकेच्या तळाशी बऱ्याचदा ‘बेस-कमिट’ लिहिलेली असते. तिथूनच फांदी काढा. पॅच लागतच नसेल तर तेच तुमचं पहिलं उत्तर.

मालिका असेल तर प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झाला पाहिजे, शेवटच्या पॅचनंतर झाला एवढं पुरत नाही. उद्या कुणी ‘गिट बायसेक्ट’ने दोष शोधत मधल्याच कमिटवर येऊन थांबला आणि तिथे बिल्ड मोडलं, तर त्याचा दिवस वाया जातो. ‘गिट रीबेस’ला प्रत्येक पायरीवर ‘मेक’ चालवायला सांगता येतं. रात्री लावून झोपा.

२. कमिट मेसेजला ‘का’ विचारा

काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. मेसेजमध्ये मला बघायचं असतं की अडचण कुणाला आली, कोणत्या हार्डवेअरवर, आणि ती कोअरमध्येच का सोडवायची. ‘आमच्या ड्रायव्हरला लागतं’ एवढंच कारण असेल आणि तो ड्रायव्हर मालिकेत नसेल, तर तो आधी दाखवा म्हणावं. वापरणारा कुणी नसलेलं फंक्शन कोअरमध्ये घेत नाहीत.

दोष दुरुस्तीचा पॅच असेल तर ‘फिक्सेस’ची ओळ हवी, तिच्यात मूळ कमिटची किमान १२ अक्षरी खूण. ती खूण उघडून बघाच. दोष खरंच तिथून सुरू झाला का, की लेखकाने त्या ओळीला शेवटचा हात लावणारी कमिट उचलून टाकली? दुसरा प्रकार इतका सर्रास होतो की मी आता आधी तेच तपासतो.

३. रिमूव्हपासून उलटं वाचा

पॅच लिहिणारा माणूस प्रोबकडून विचार करतो: मेमरी घेतली, क्लॉक चालू केलं, इंटरप्ट मागितला, डिव्हाइस नोंदवलं. तुम्हीही त्याच क्रमाने वाचलंत तर तुम्हाला तेच दिसेल जे त्याला दिसलं. म्हणून मी शेवटापासून सुरू करतो. डिव्हाइस जाताना काय काय होतं, कोणत्या क्रमाने, आणि त्या वेळी अजून कोण त्याला धरून बसलेलं आहे?

‘डेव्हएम’ची फंक्शनं २००७ पासून आहेत आणि त्यांनी चुकांचा मोठा ढीग कमी केला यात वाद नाही. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला की घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने आपोआप सुटतात. पण हा उलटा क्रम सुरू होतो ड्रायव्हरचं रिमूव्ह संपल्यावर. आता हा प्रसंग बघा. प्रोबमध्ये इंटरप्ट ‘डेव्हएम’ने मागितला आहे, क्लॉक मात्र हाताने चालू केलंय. रिमूव्हमध्ये लेखक प्रामाणिकपणे क्लॉक बंद करतो आणि परततो. इंटरप्ट अजून सुटलेला नाही. त्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर धावत येऊन क्लॉक नसलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातो. काही चिप्सवर तिथेच सगळं सिस्टीम गोठतं, लॉगमध्ये एक ओळही न सोडता.

पॅचमध्ये ‘डेव्हएम’ आणि हाताने सोडायच्या गोष्टी मिसळलेल्या दिसल्या की थांबा. कागदावर दोन रांगा मांडा, डावीकडे घेण्याचा क्रम, उजवीकडे सुटण्याचा. उजवी रांग डावीच्या बरोबर उलटी नसेल तर दोष तिथेच आहे. उपाय बहुधा एकच असतो: हाताने करायची गोष्टसुद्धा ‘डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट’ने त्याच रांगेत बसवायची.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. ड्रायव्हरची खासगी मेमरी ‘डेव्हएम_केझॅलॉक’ने घेतली, आणि तीच मेमरी वापरणारी एक फाइल ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये उघडी केली. कुणीतरी प्रोग्रॅमने ती फाइल धरून ठेवली असताना यूएसबी उपटलं. रिमूव्ह झालं, मेमरी गेली. प्रोग्रॅम नंतर फाइल बंद करतो आणि कर्नल गेलेल्या मेमरीत हात घालतो. हार्डवेअर गेलं म्हणजे वापरणारे गेले असं होत नाही. ज्या वस्तूला बाहेरचं कुणी धरू शकतं तिचं आयुष्य रेफरन्स काउंटवर (तिला किती जण धरून आहेत त्या मोजणीवर) चाललं पाहिजे, ‘डेव्हएम’वर नाही.

रिमूव्हबद्दल आणखी एक, कारण जुन्या ड्रायव्हरांत याची हाडं अजून सापडतात. पूर्वी रिमूव्ह एक आकडा परत द्यायचं. लोकांना वाटायचं की ‘बिझी’ची चूक परत दिली तर डिव्हाइस सुटायचं थांबेल. कोअर तो आकडा सरळ दुर्लक्षित करायचं, डिव्हाइस सुटायचंच, फक्त अर्धवट आवरलेलं. २०२१ मध्ये ५.१५ ला बसच्या पातळीवर रिमूव्हचं परत देणं काढून टाकलं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांसाठी ६.३ मध्ये ‘रिमूव्ह_न्यू’ नावाची तात्पुरती वाट आली, एकेक ड्रायव्हर तिच्यावर आणला, आणि शेवटी मूळ नाव नव्या रूपात परत मिळालं. अवाढव्य बदल कसा आणावा याचा हा चांगला वस्तुपाठ आहे: आधी जुन्याशेजारी नवी वाट, मग सावकाश स्थलांतर, शेवटी जुनी वाट बंद. कोअरचं फंक्शन एका फटक्यात बदलून शेकडो फाइल्स हलवणारा पॅच आला तर हीच मागणी करा.

४. रेफरन्स मोजा, बोटांवर मोजावे लागले तरी

सुरुवातीच्या माझ्या चुकीकडे परत येतो. ‘डिव्हाइस_रजिस्टर’ दोन कामं करतं: आधी डिव्हाइस सुरू करून त्याचा काउंट १ वर ठेवतं, मग ते व्यवस्थेत जोडतं. जोडणं फसलं तरी पहिलं काम झालेलं असतं. काउंट १ आहे, नावासाठी वेगळी मेमरी घेतलेली आहे. अशात ‘केफ्री’ केलं की नाव गळतं, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी रेफरन्स घेतला असेल तर तो हवेत लटकतो. ‘पुट_डिव्हाइस’ने काउंट शून्यावर आणला की डिव्हाइसचं स्वतःचं ‘रिलीज’ फंक्शन चालतं आणि तेच सगळं सोडतं. रिलीज फंक्शन नसेल तर कर्नल लॉगमध्ये सुनावतो की हे डिव्हाइस मोडकं आहे, दुरुस्त करा. ही ओरड बंद करायला कुणी रिकामं रिलीज फंक्शन लिहून आणलं तर ते हसून सोडून देऊ नका, परत पाठवा.

उलटा दोषही तितकाच होतो. काही शोधणारी फंक्शनं गुपचूप एक रेफरन्स वाढवून देतात: ‘बस_फाइंड_डिव्हाइस’, ‘क्लास_फाइंड_डिव्हाइस’, ‘डिव्हाइस_फाइंड_चाइल्ड’, ‘ओएफ_फाइंड_डिव्हाइस_बाय_नोड’. नावात ‘गेट’ नाही, म्हणून सोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पॅचमध्ये यातलं एखादं दिसलं तर त्या फंक्शनमधून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट तपासा, विशेषतः मधूनच चूक परत देणारी. डिव्हाइस ट्रीच्या मुलांवरून फिरणाऱ्या लूपमधून ‘ब्रेक’ करून बाहेर पडलं की नोडचा रेफरन्स हातातच राहतो. आता स्कोप संपला की आपोआप सोडणारे ‘स्कोप्ड’ मॅक्रो आलेत. नव्या कोडमध्ये तेच सुचवा.

आणि ‘गळती बुजवली’ म्हणून नवीन ‘पुट’ जोडणाऱ्या पॅचकडे दुप्पट संशयाने बघा. गळतीने थोडी मेमरी जाते. जास्तीच्या ‘पुट’ने वापरात असलेली मेमरी सुटते, आणि त्यातून सुरक्षेचं भोक पडतं. स्टॅटिक साधनाने दाखवलं म्हणून पाठवलेले, हार्डवेअरवर एकदाही न चालवलेले असे पॅच भरपूर येतात.

५. प्रोब एकदाच होतो असं धरू नका

२०१२ पासून, म्हणजे ३.४ पासून, प्रोब ‘ई-प्रोब-डिफर’ परत देऊन सांगू शकतो की मला लागणारी वस्तू अजून आलेली नाही, नंतर बोलवा. मग कोअर पुन्हा बोलावतं. चार-पाच वेळासुद्धा.

तर विचारा: पाचव्यांदा प्रोब झाला तर काय मोडेल? स्टॅटिक व्हेरिएबल वाढवून ठेवलंय का? प्रत्येक वेळी लॉगमध्ये लाल ओळ येते का? (‘डेव्ह_एरर_प्रोब’ वापरा म्हणावं. डिफरच्या वेळी ते गप्प बसतं, पण कारण नोंदवून ठेवतं.) सगळ्यात वाईट म्हणजे प्रोबमध्ये मुलं-डिव्हाइस नोंदवायची आणि नंतर डिफर परत द्यायचं. मुलाचा प्रोब यशस्वी झाला की कोअरला वाटतं काहीतरी नवीन आलं, रखडलेल्यांना पुन्हा बोलवा. आपल्याला बोलावलं जातं, आपण पुन्हा मूल नोंदवतो, पुन्हा डिफर देतो. हा पाळणा थांबत नाही. बाहेर पडताना मुलं काढून टाकली तरी नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये ही सक्त मनाई आहे.

जाता जाता: इंटरप्टचा क्रमांक ‘अनसाइन्ड’ व्हेरिएबलमध्ये घेऊन तो शून्यापेक्षा लहान आहे का असं विचारणारा कोड अजूनही येतो. ती अट कधीच खरी होणार नाही.

६. सिसएफएसमध्ये गेलेली फाइल परत येत नाही

कर्नलच्या आतली फंक्शनं हवी तशी बदलता येतात, त्यांच्या स्थिरतेची हमी कुणी दिलेली नाही. सिसएफएसमधली फाइल मात्र यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांना) दिलेला शब्द. तिचं नाव, तिचा मजकूर, दोन्ही. एका फाइलमध्ये एकच किंमत, ‘सिसएफएस_एमिट’ने लिहिलेली, आणि एबीआयच्या, म्हणजे अशा दिलेल्या शब्दांच्या, डॉक्युमेंटेशनमध्ये नोंद. नोंद नसेल तर पॅच अपुरा.

वेळेचा प्रश्नही बघा. डिव्हाइस नोंदवून झाल्यावर मग वेगळ्या कॉलने फाइल जोडली, तर यूडेव्हला (नवं डिव्हाइस आलं की नियम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) बातमी आधीच गेलेली असते. त्याचा नियम फाइल शोधायला येतो आणि ती नसते. कधीकधीच होतं, म्हणून सापडायला महिने जातात. फाइल्स ग्रुपमध्ये बांधून नोंदणीच्या आधी द्यायच्या.

७. चालवून बघा, आणि मुद्दाम छळून बघा

क्यूएमूसाठीच्या कर्नलमध्ये कासॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू करा. त्याबरोबर तीन पर्याय, जे नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही:

- ‘डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज’: रिलीज मुद्दाम उशिरा चालवतो. रेफरन्स सोडल्या सोडल्या वस्तू गेली असं धरून चालणारा कोड लगेच उघडा पडतो.
- ‘डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह’: प्रत्येक ड्रायव्हरला प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब करायला लावतो. रोजच्या मशीनवर चालू करू नका. मी केला होता, आणि कीबोर्ड गेला.
- ‘डीबग_शेअर्ड_आयआरक्यू’: सामायिक इंटरप्ट परत देताना एक खोटा इंटरप्ट पाठवतो. तिसऱ्या पायरीतली फट याने दिसते.

मग सिसएफएसमधल्या ‘बाइंड’ आणि ‘अनबाइंड’ फाइल्समध्ये डिव्हाइसचं नाव लिहिणारा लूप लावा आणि तासभर सोडून द्या. जमलं तर दुसऱ्या टर्मिनलवर त्याच डिव्हाइसची फाइल उघडत-बंद करत राहा.

८. उत्तर लिहिताना

ज्या ओळीबद्दल बोलायचंय तिच्या खालीच लिहा, बाकीचा मजकूर कापून टाका. पहिल्या मेलमध्ये मोठा दोष सांगा. आयुष्यक्रमच चुकीचा असेल तर स्पेसिंगवर बोलण्यात अर्थ नाही, लेखक स्पेसिंग दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवतो आणि मूळ दोष तसाच राहतो. तशीही स्पेसिंगची तक्रार चेकपॅचने करावी.

खात्री नसेल तर प्रश्न विचारा. ‘इथे अनबाइंड आणि ओपन एकाच वेळी आले तर कोणतं लॉक वाचवतं?’ असा नेमका प्रश्न नवख्यानेही विचारावा. मला मिळालेल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर ‘अरे हो, वाचवत नाही’ असंच निघालं. आपल्याकडे मोठ्यांच्या कोडवर बोट ठेवायला जड जातं. इथे कुणी वय विचारत नाही, ओळ कोणती ते विचारतात.

टॅगांचं वजन वेगवेगळं आहे. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे चालवून पाहिलं. कशावर, तेही लिहा. ‘अ‍ॅक्ड-बाय’ बहुधा त्या भागाचा मेंटेनर देतो, माझी हरकत नाही या अर्थाने. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे तुम्ही तांत्रिक तपासणी केली, शंका लेखकापुढे मांडल्या, उत्तरांनी समाधान झालं, आणि पॅच घेऊ नये असं काही तुम्हाला माहीत नाही. हमी नाही, पण नाव कायमचं इतिहासात राहतं. दहापैकी तीनच पॅच समजले असतील तर त्या तिघांनाच द्या.

९. पुढची आवृत्ती आली की

बदलांची यादी लेखकाने दिलेली असते, तिच्यावर विसंबू नका. ‘गिट रेंज-डिफ’ने जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवा. यादीत नसलेला बदल तिथे दिसतो. पॅच बराच बदलला असेल तर तुमचा जुना टॅग लेखकाने काढला का तेही बघा. नसेल काढला तर तसं स्पष्ट लिहा.

कर्नलची आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते आणि तिच्या सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे. त्या दोन आठवड्यांत नव्या मालिकेला उत्तर आलं नाही तर रुसू नका, मेंटेनर दुसऱ्या कामात असतात. पहिली आरसी (चाचणीसाठीची आवृत्ती) आली की पुन्हा पाठवायला सांगा.

पॅच घेतला गेला की तो लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र तपासायच्या प्रतीत) येतो आणि तिथे तुमच्याकडे नसलेल्या बोर्डांवर चालतो. त्या कमिटच्या खुणेवर महिनाभर शोध ठेवा. मी अजून ठेवतो; माझ्या त्या अकरा ओळींच्या पॅचची तिसरी आवृत्ती ‘पुट_डिव्हाइस’सकट गेली, आणि खाली तीन नावं आहेत. त्यात माझं दुसऱ्या आवृत्तीनंतर पुन्हा मागून घेतलेलं.